वर्षभरासाठी कोणता देश? राजारामपुरीतल्या एका कुटुंबाचं प्रकरण

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं पाच माणसांचं घर. मुलगा ३४ वर्षांचा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, काम घरूनच. सून ग्राफिक डिझाइनची सुटी कामं घेते. नात सहा वर्षांची, पहिलीत. आई-वडील साठी ओलांडलेले, वडिलांना मधुमेह. मुलगा, सून आणि नात या तिघांना एक वर्ष परदेशात राहायचं होतं. स्थायिक व्हायचं नव्हतं आणि तिथली नोकरीही नको होती. इथली नोकरी टिकवून, वर्ष संपलं की राजारामपुरीत परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

पैशांची बाजू अशी. पगार वर्षाला २४ लाख. आयकर, भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर जाऊन महिन्याला १ लाख ६३ हजारांच्या आसपास खात्यात पडायचे. सुनेच्या कामाचे सरासरी ४० हजार, पण ते कधी ७० तर कधी १५. गेल्यावरही इथं चालू राहणारा खर्च ३५ हजार: घराचा हप्ता १८ हजार, आई-वडिलांचा घरखर्च आणि औषधं १७ हजार. शिल्लक ११ लाख, त्यातली ६ लाखांची ठेव पतसंस्थेत. शिवाय गावाकडं दोन एकर ऊस.

पहिल्या यादीत सात देश होते: पोर्तुगाल, जपान, जॉर्जिया, दुबईमुळं संयुक्त अरब अमिराती, थायलंड, मलेशिया आणि मॉरिशस. प्रत्येकापुढं घरभाडं, हवामान, शाकाहारी जेवण आणि बघण्यासारख्या जागा असे रकाने. रकाने चुकीचे नव्हते, क्रम उलटा होता. घरभाडं हा शेवटचा प्रश्न. आधी बघायचं ते इतकंच की भारतीय पासपोर्टवर, या पगारावर, या कंपनीच्या परवानगीनं, लहान मुलीसह सलग वर्षभर कायदेशीर राहू देणारे देश किती उरतात. ते दोन-तीनच उरतात. आवडीनिवडीचा विचार त्यांच्यातच करायचा.

आधी कंपनीचं पत्र

बहुतेक घरांत व्हिसाची चौकशी आधी होते आणि कंपनीला शेवटी विचारलं जातं. इथंही तसंच चाललं होतं. कंपनीचं पहिलं उत्तर आलं: परदेशातून जास्तीत जास्त ९० दिवस. तिथंच सगळं अडलं.

कंपनी का अडवते हे समजून घेतलं, तर मार्ग निघतो. तिला तीन भीती असतात. पहिली माहितीच्या सुरक्षेची. ग्राहकाबरोबरच्या करारात कोणत्या देशातून यंत्रणेत शिरता येईल हे लिहिलेलं असतं. दुसरी भीती ही की, कर्मचारी दुसऱ्या देशात बसून कंपनीच्या वतीनं करार करू लागला, तर तिथलं कर खातं 'तुमचा इथं कायमचा व्यवसाय आहे' असं म्हणू शकतं आणि नफ्यावर कर मागू शकतं. तिसरी १८३ दिवसांची. भारताच्या दुहेरी कर टाळण्याच्या बहुतेक करारांमध्ये नोकरदाराला त्या मर्यादेच्या आत तिथल्या करातून सूट मिळते. मुक्काम तेवढ्यात असावा, पगार देणारा त्या देशातला नसावा आणि पगाराचा बोजा तिथल्या शाखेवर पडू नये, अशा तिन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात. वर्षभराच्या मुक्कामात दिवसांची अट मोडण्याची शक्यता असते, म्हणून कंपनीचा कर विभाग सोपं उत्तर देतो: नाही.

'मला परदेशातून काम करायचंय' या मोघम अर्जाला नकारच येतो. दुसरा अर्ज नेमका केला. तीन देशांची नावं, येण्या-जाण्याच्या तारखा, पगार भारतातल्याच खात्यात जमा होईल, तिथल्या कोणत्याही ग्राहकाशी व्यवहार होणार नाही, करारावर सही करण्याचा अधिकार या पदाला मुळात नाही आणि काम फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या व्हीपीएनमधूनच (सुरक्षित जोडणीतूनच) होईल. होकार यायला सात आठवडे लागले, पण मलेशिया आणि मॉरिशससाठी बारा महिन्यांची लेखी परवानगी मिळाली. व्हिसाच्या अर्जाला हेच पत्र लागतं, म्हणून त्यात पद, रुजू झाल्याची तारीख, कपातीपूर्वीचा वार्षिक पगार आणि 'या देशातून काम करण्यास परवानगी' हे शब्द असायलाच हवेत. 'रजा मंजूर' असं लिहिलेलं पत्र इथं चालत नाही. रजेवर असलेल्या माणसाचं उत्पन्न अर्ज तपासणारा कशाच्या आधारावर धरणार?

गाळणी

जपानचा दूरस्थ कामाचा व्हिसा मार्च २०२४ पासून आहे, पण तो सहा महिन्यांचा, लगेच नूतनीकरण न होणारा आणि वर्षाला एक कोटी येन उत्पन्न मागणारा. ठरावीक देशांच्या नागरिकांनाच तो मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. जॉर्जियाबद्दल व्हिडिओंमध्ये 'वर्षभर व्हिसाशिवाय राहा' असं ऐकायला मिळतं. ती सवलत खरी आहे, पण भारतीय पासपोर्टला नाही. हे दोन देश एका संध्याकाळीच यादीतून गेले.

पोर्तुगालच्या दूरस्थ कामाच्या व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागतं. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे ३,४८० युरो. युरो १०० रुपयांना धरला, तरी महिना साडेतीन लाखांच्या जवळ. दुबईच्या एक वर्षाच्या दूरस्थ काम व्हिसाला महिना ३,५०० डॉलर. हे दोन्ही आवाक्याबाहेरचे. दुबईच्या बाबतीत 'तिथं कर नाही' या आकर्षणाचीही एक बाजू सांगायला हवी. भारतीय नागरिकाचं परदेशी स्रोत सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि रहिवासाच्या नात्यानं तो कोणत्याच देशात करपात्र नसेल, तर आपला आयकर कायदा त्याला भारताचा रहिवासी मानतो. पुण्यातून पगार घेऊन दुबईत बसलं की करातून सुटका झाली, हा हिशेब या तरतुदीपाशी अडतो.

थायलंडवर जास्त वेळ गेला, कारण तिथं मासिक उत्पन्नाची अट नाही. जुलै २०२४ मध्ये आलेला डीटीव्ही, म्हणजे 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा', पाच वर्षांचा असतो, एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं आणि खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. बाट २ रुपये ७० पैसे धरला, तर साडेतेरा लाख. यांच्याकडं ११, त्यातले ६ पतसंस्थेत. कोल्हापुरात घराघरांत पतसंस्थेच्या ठेवी आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघायची सवय असलेल्या वकिलातीपुढं पतसंस्थेच्या ठेवपावतीचं वजन फार कमी पडतं. सातबाऱ्याचंही तेच. दोन एकर ऊस तुम्ही परत याल याचा पुरावा म्हणून चालतो, हाताशी असलेली रोकड म्हणून नाही. ज्यांना असा व्हिसा हवा आहे, त्यांनी ठेवीची मुदत संपताच ती रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा शेड्युल्ड बँकेत आणून किमान सहा महिने तिथंच ठेवावी. अर्जाच्या आठवड्यात एकदम आलेली मोठी रक्कम उसनी समजली जाते.

थायलंडचाच एक फसवा मार्गही पुढं आला. २०२४ साली तिथं भारतीयांना ६० दिवस व्हिसाविना राहण्याची मुभा मिळाली. मग दर ६० दिवसांनी सीमा ओलांडून परत यायचं, असा सल्ला एका एजंटानं दिला. ती मुभा पर्यटनाची आहे. वारंवार ये-जा करणाऱ्याला विमानतळावरून परत पाठवू शकतात, आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या रांगेत उभं राहण्यासारखं तिथं काही नाही. मुदतीपेक्षा जास्त राहिलं, तर रोजचे ५०० बाट दंड, कमाल २० हजारांपर्यंत. ९० दिवसांच्या वर गेलं, तर प्रवेशबंदी.

ज्यांचं वय १८ ते ३० आहे त्यांच्यासाठी आणखी दोन दारं उघडी आहेत, ती या कुटुंबाला लागू नव्हती. ब्रिटनच्या भारतीय तरुण व्यावसायिक योजनेत सोडतीनं दोन वर्षांचा व्हिसा मिळतो, पदवी लागते आणि वर्षाला ३,००० जागा असतात. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसात २०२४ पासून भारतीयांसाठी वर्षाला १,००० जागा आहेत, त्याही सोडतीनं. दोन्हींत मूल बरोबर नेता येत नाही.

उरले मलेशिया आणि मॉरिशस. मलेशियाचा 'डीई रंताऊ' पास तीन ते बारा महिन्यांचा, तंत्रज्ञान क्षेत्रातल्यांना वर्षाला २४ हजार डॉलर उत्पन्नाची अट, शुल्क १,००० रिंगिट आणि प्रत्येक अवलंबितामागं ५००. मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा एक वर्षाचा, महिना १,५०० डॉलर आणि प्रत्येक अवलंबित मुलामागं आणखी ५००. दोन्हीकडं हिशेब महिना २,००० डॉलरवरच येतो. या रकमा बदलत असतात. अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर असेल तीच खरी.

कपातीपूर्वी आणि कपातीनंतर

डॉलर ८८ रुपये धरून २,००० डॉलर म्हणजे १ लाख ७६ हजार. पगार महिना दोन लाख, म्हणजे बसतं. पण बँकेच्या स्टेटमेंटवर दिसतात १ लाख ६३ हजार, म्हणजे बसत नाही. फक्त स्टेटमेंट जोडलं असतं, तर तपासणाऱ्याला दोन लाखांचा आकडा दिसलाच नसता.

यावर उपाय एका पानाचा आहे. पगाराच्या शेवटच्या सहा पावत्या घ्यायच्या आणि प्रत्येक महिन्यासाठी एक ओळ लिहायची: एकूण पगार, आयकर, निधी, व्यवसाय कर, खात्यात जमा, जमा झाल्याची तारीख. तारीख आणि रक्कम स्टेटमेंटशी तंतोतंत जुळली पाहिजे, स्टेटमेंटवर त्या ओळीला खूण करायची. त्याखाली फॉर्म १६ आणि कंपनीचं पत्र. इंग्रजीत, एका पानात. हे पान कोणी मागत नाही, पण तपासणाऱ्याच्या मनात येणाऱ्या शंकेचं उत्तर ते आधीच देतं. सुनेचं उत्पन्न पूरक म्हणून वेगळं दाखवलं, मूळ अटीत मिसळलं नाही, कारण महिन्याला बदलणारी रक्कम मिसळली की स्थिर पगारही डळमळीत दिसतो.

उत्पन्न रुपयांत आणि अट डॉलरमध्ये असेल, तर रुपया घसरला की अट आपोआप वाढते. अटीपेक्षा किमान दहा टक्के वर असावं. इथं ते जेमतेम होतं, म्हणून पगारवाढीचं पत्र हातात येईपर्यंत अर्ज थांबवला.

घड्याळ

मलेशिया की मॉरिशस हा प्रश्न जेवणानं किंवा समुद्रानं सुटला नाही. तो सुटला अमेरिकेतल्या ग्राहकाबरोबरच्या रोजच्या मीटिंगांनी. त्या भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा चालतात. मलेशियाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं, म्हणजे तिथं रात्री नऊ ते एक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत घड्याळं एक तास मागं जातात, तेव्हापासून मार्चपर्यंत रात्री दहा ते दोन. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागं, म्हणजे संध्याकाळी पाच ते नऊ आणि हिवाळ्यात सहा ते दहा.

नात सकाळी सातला शाळेसाठी निघणार आणि बाप रात्री दोनला झोपणार. असं एक वर्ष काढता येतं, पण मग परदेशात राहिलं कोण? दिवसभर झोपाळलेला माणूस मलेशियातल्या पेनांगमध्ये असला काय आणि राजारामपुरीत असला काय. आमच्या मते दूरस्थ काम करणाऱ्यानं देशांच्या यादीत हवामानाच्या आधी मीटिंगांचं वेळापत्रक मांडावं. ज्यांचा ग्राहक ऑस्ट्रेलियात किंवा सिंगापुरात आहे, त्यांच्यासाठी हेच उत्तर नेमकं उलटं येईल.

मलेशिया स्वस्त पडत होता हे खरं. दोन्हीकडचा खर्च मांडला तेव्हा पेनांगमध्ये महिना १ लाख २० हजार आणि मॉरिशसमध्ये दीड लाख आला. वर्षाला ३ लाख ६० हजारांचा फरक. रात्रीची झोप आणि लेकीबरोबरची सकाळ यांच्यासाठी एवढं मोजायचं का, हे त्या दोघांनी समोरासमोर बसून ठरवलं आणि मोजायचं ठरवलं.

आईचा प्रश्न

यादी संपत आली तेव्हा आईनं विचारलं, "यांना रात्री काय झालं तर तू किती वेळात दारात येशील ते सांग." हा प्रश्न प्रत्येक घरानं तासांत सोडवावा. क्वालालंपूरहून बंगळूर साधारण चार तास, पुढं विमान किंवा रात्रीची गाडी. मॉरिशसहून मुंबई थेट विमानानं सहा तासांच्या आसपास, पण ते रोज असेलच असं धरू नये. पुढं मुंबई–कोल्हापूर विमान, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस. म्हणजे चांगल्या दिवशी २४ तास आणि विमान नसलेल्या दिवशी दुबईमार्गे दीड दिवस. हे त्यांना स्पष्ट सांगितलं. मग त्या दीड दिवसाची सोय इथंच लावली. वडिलांची सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये, आरोग्य विम्याचं कार्ड आईच्या पर्समध्ये, दवाखान्यात धावणारा एक भाचा ठरलेला आणि त्याला आईच्या खात्यातून पैसे काढता येतील अशी व्यवस्था. परतीच्या तातडीच्या तिकिटासाठी दीड लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवले.

कोणत्या महिन्यात निघायचं

आपलं करवर्ष एप्रिल ते मार्च, मॉरिशसचं जुलै ते जून. निघण्याचा महिना बदलला की दोन्हीकडचं उत्तर बदलतं.

एप्रिलमध्ये निघून मार्चमध्ये परतलं, तर भारतात जवळपास शून्य दिवस, म्हणजे अनिवासी. ऐकायला छान. पण पगार भारतातल्या खात्यात पडत असेल, तर अनिवासी माणसाचा तो पगारही इथं करपात्र ठरू शकतो. वर १५ लाखांची तरतूद आहेच. हाती काही लागत नाही, गुंतागुंत तेवढी वाढते.

जानेवारीत निघून डिसेंबरच्या मध्यावर परतलं तर? पहिल्या वर्षात एप्रिल ते डिसेंबर भारतात, म्हणजे सरळ रहिवासी. दुसऱ्या वर्षात परतल्यावरचे सुमारे १०७ दिवस. इथं दुसरी कसोटी लागते: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असेल, तर रहिवासी. म्हणजे दोन्ही वर्षं रहिवासी, विवरणपत्र नेहमीसारखं आणि कंपनीची करकपातही नेहमीसारखी. या कुटुंबाला हेच सोयीचं होतं.

मॉरिशसच्या बाजूला एक खाच आहे. तिथं वर्षात १८३ दिवस राहिलं की कररहिवासी. २ जानेवारी ते ३० जून १८० दिवस, १ जुलै ते १५ डिसेंबर १६८ दिवस. दोन्ही १८३ च्या आत, म्हणून सुटलो असं वाटतं. पण दुसरा नियम असा आहे की चालू वर्ष आणि आधीची दोन वर्षं मिळून २७० दिवस झाले, तरीही रहिवासी. १८० अधिक १६८ म्हणजे ३४८. दुसऱ्या करवर्षात तो नियम लागू होतो. दूरस्थ कामाचं उत्पन्न तिथं जेवढं आणाल तेवढ्याचाच तिथं विचार होतो. त्यामुळं पगार भारतातच ठेवून खर्चापुरतेच पैसे न्यायचे, प्रत्येक रकमेची नोंद ठेवायची आणि भारतीय आयकर खात्याकडून कररहिवासी असल्याचा दाखला काढून ठेवायचा. हे काम सीएकडं निघण्याआधी द्यावं. परत आल्यावर नोंदी जुळवत बसणं फार कठीण जातं.

शाळेच्या दृष्टीनंही जानेवारी बरी, कारण मॉरिशसचं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. तोटा एकच: जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा भर. तिथं इशाऱ्याचे चार वर्ग असतात आणि तिसऱ्या वर्गापासून जनजीवन थांबतं. जानेवारी २०२४ मधल्या बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. कंपनीला हे आधीच सांगून ठेवलं, लॅपटॉप आणि राउटरसाठी बॅटरी आणि दोन वेगळ्या कंपन्यांची मोबाइल जोडणी, एवढं पहिल्याच आठवड्यात घ्यायचं ठरलं.

जन्मदाखल्यातली रिकामी ओळ

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इथल्याच कागदांनी. नातीचा जन्मदाखला काढून बघितला, तर बाळाच्या नावाची ओळ रिकामी. रुग्णालयातून नोंद गेली तेव्हा बारसं झालं नव्हतं, नंतर महापालिकेत जाऊन नाव घालायचं राहिलं. कोल्हापुरात ही गोष्ट इतक्या घरांत सापडते की परदेशाचा विचार सुरू होताच पहिल्या दिवशी हा कागद उघडून बघावा. नोंदीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं.

त्याच दाखल्यावर आईचं, म्हणजे सुनेचं, नाव लग्नानंतरचं आणि तिचा पासपोर्ट कॉलेजच्या काळातला, माहेरच्या नावाचा. कागदोपत्री ही मुलगी त्या पासपोर्टवाल्या बाईची आहे हे सिद्धच होत नव्हतं. जोडणारा एकच कागद: विवाह नोंदणीचा दाखला. आणि लग्न थाटात झालं असलं, तरी नोंदणी झालेली नव्हती. मग क्रम असा लागला: महापालिकेत विवाह नोंदणी, तीन साक्षीदारांसह, तो दाखला घेऊन सुनेचा पासपोर्ट नव्या नावानं, त्याच वेळी नातीचाही, कारण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तिचा ऐन मुक्कामात संपणार होता. दोन्ही कामं कसबा बावड्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात झाली. शुल्क मोठ्यांना १,५००, लहानांना १,०००. पोलीस पडताळणीच्या वेळी आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता एकच असावा. जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता आधारवर राहिला असेल, तर अर्ज तिथंच लटकतो.

विवाह आणि जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारी साक्षांकन, करून घेतलं. आधी मंत्रालयात गृह विभागाची साक्षांकन मोहर, मग परराष्ट्र मंत्रालयाची. मॉरिशस आणि पोर्तुगाल हे १९६१ च्या हेग करारातले देश, तिथं अपोस्टिल पुरतं. अमिरातीसाठी मात्र वकिलातीचा शिक्काही लागतो. लॅमिनेट केलेला दाखला परत येतो, कारण मोहर कागदावर उमटावी लागते. घरात फ्रेमसारखे जपलेले दाखले असतील, तर नव्या प्रती काढा. या सगळ्याला पाच महिने लागले. देश ठरण्याआधीही हे काम सुरू करता येतं, कारण कोणताही देश निवडला तरी हे कागद लागतातच.

पैसे, औषधं, फोन

राहायला कात्र बोर्न ठरलं. तिथून मेट्रो एक्सप्रेसनं पोर्ट लुई आणि क्युरपीप दोन्हीकडं जाता येतं आणि भाडं किनाऱ्यावरच्या ग्रँड बेपेक्षा कमी. क्युरपीप आणखी स्वस्त असू शकतं, पण उंचावर असल्यानं पाऊस आणि ओल फार. धरलेला महिन्याचा खर्च मॉरिशसच्या रुपयांत असा: दोन खोल्यांचं सामानासह घर २८ हजार, किराणा १८ हजार, शाळा १० हजार, वीज-पाणी-इंटरनेट साडेचार हजार, प्रवास ६ हजार, इतर ८ हजार. एकूण साडेचौऱ्याहत्तर हजार. तिथला रुपया आपल्या १ रुपया ९० पैशांना धरून सुमारे १ लाख ४२ हजार, वर विम्याचे ८ हजार. इथले ३५ हजार मिळवले की १ लाख ८५ हजार. सुनेची कामं चालू राहिली, तर महिन्याला १८ हजार उरतात. ती थांबली, तर २२ हजारांची तूट, वर्षाला २ लाख ६४ हजार. म्हणून पतसंस्थेची ठेव निघण्याआधी बँकेत आणली. दोन वर्षांचा करार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मागणारं घर इथून ऑनलाइन ठरवायचं नाही. पहिला महिना तात्पुरत्या घरात राहून, पाण्याचा दाब आणि इंटरनेट संध्याकाळी पाच वाजता तपासूनच सही करायची.

परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही, त्यापुढं अशा खर्चासाठी २० टक्के. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये अशी रक्कम विभागली की मर्यादा दोनदा वापरता येते. फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे चालतात, पण प्रत्येक दुकानात चालतील असं समजू नये.

भारतीय सिम बंद पडलं, तर बँकेचा ओटीपी बंद आणि पगाराचं खातंच हाताबाहेर. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घरीच एक व्यवहार तपासावा, रिचार्जची जबाबदारी वडिलांच्या फोनवर स्मरणसूचना लावून द्यावी. गाडी चालवायची असेल, तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, शुल्क १,०००, मुदत एक वर्ष. तिथंही गाडी डाव्या बाजूनंच चालते.

औषधांची मात्र खबरदारी घ्यावी. झोपेच्या आणि नशा येणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांवर मॉरिशसमध्ये कडक नियंत्रण आहे. इथं सहज मिळणारी गोळी तिथल्या विमानतळावर अडचणीत आणू शकते. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, मूळ वेष्टन आणि लागत असेल तिथं आधी परवानगी. आरोग्य विम्याचं म्हणाल, तर इथली पॉलिसी तिथं बहुधा चालत नाही, आणि 'वार्षिक' म्हणून विकला जाणारा प्रवास विमा अनेकदा एका प्रवासाला ३० किंवा ४५ दिवसच संरक्षण देतो. सलग मुक्कामाची मुदत पॉलिसीत वाचूनच घ्यावा.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे आणि सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते. हे ऐकून आजी-आजोबा निवांत झाले, आणि त्याचं मोल आहेच. पण हा मुद्दा पहिल्या गाळणीत घेतला नाही हे बरं झालं. तो आधी आला असता, तर घड्याळ आणि कागद कोणी बघितलेच नसते.

परतीची शाळा

इथल्या शाळेनं जागा राखून ठेवायला नकार दिला. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, त्यामुळं परतल्यावर दुसरीत प्रवेश मिळायला हरकत नाही, फक्त तीच शाळा मिळेल याची खात्री नाही. पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक आणि विद्यार्थी क्रमांक जपून ठेवला, बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेतली. मराठी वाचन रोज वीस मिनिटं आणि आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर, असं ठरलं, कारण तिथं शाळेत इंग्रजी-फ्रेंच आणि अंगणात क्रिओल ऐकून मुलीचं मराठी लेखन मागं पडण्याची शक्यता मोठी.

परतीचं तिकीट व्हिसाच्या शेवटच्या दिवसाचं न काढता १५ डिसेंबरचं काढलं. नाताळाच्या आठवड्यात मॉरिशसची विमानं भरतात आणि भाडी चढतात. कंपनीच्या पत्रातली शेवटची तारीख ३१ डिसेंबर ठेवून घेतली, म्हणजे वादळानं किंवा आजारपणानं प्रवास लांबला, तरी पंधरा दिवस परवानगीतच राहतात.